कॅमेरा आपला, पण पासवर्ड कुणाकडे?

इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात १९९१ साली एक गंमत झाली. तिथल्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं भांडं एकाच खोलीत, आणि पिणारी मंडळी मात्र इमारतभर विखुरलेली. जिने चढून जावं, तर भांडं रिकामं! शेवटी त्यांनी भांड्यासमोर एक कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर दिसेल असा प्रोग्राम लिहिला. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आलं आणि २००१ मध्ये कॅमेरा बंद होईपर्यंत ते भांडं जगभर पाहिलं गेलं. इंटरनेटवरून बघायच्या कॅमेऱ्याची ही अशी साधी सुरुवात!

कॅमेरा बसवायचा म्हटलं की माणूस येतो, डबा लावतो, वायरी ओढतो आणि पैसे घेऊन जातो. पण मैत्रिणींनो, बिलं काढण्यासाठी किंवा मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर घरात असेल, तर हेच काम तोही करू शकतो. त्यासाठी लागतं ते देखरेखीचं सॉफ्टवेअर. 'झोनमाइंडर' हे लिनक्सवर चालणारं आणि मोफत. 'ब्लू आयरिस' हे विंडोजवरचं, विकतचं. 'एजंट डीव्हीआर' घरातल्या घरात वापरायला मोफत, पण धंद्यासाठी वापरायचं तर पैसे भरावे लागतात. तेव्हा दुकानासाठी घेताना अटी आधी वाचाव्यात.

हे चालतं कसं? कॅमेरा एकापाठोपाठ एक चित्रं पाठवतो. सॉफ्टवेअर आधीचं आणि नंतरचं चित्र ताडून पाहतं. फरक दिसला की 'हालचाल झाली' असं समजून रेकॉर्डिंग सुरू करतं. पण त्याला चोर आणि पडदा यातला फरक आपोआप कळत नाही. पंखा, वाऱ्यावर डोलणारी तुळस, भिंतीवरची पाल, कॅमेऱ्यासमोर जाळं विणणारा कोळी, सगळ्यांना ते हालचालच समजतं. म्हणून चित्रातला तेवढा भाग वगळण्याची सोय असते, ती जरूर वापरावी. नाहीतर दिवसाला शंभर सूचना येतात आणि मग खऱ्या सूचनेकडेही कुणी बघत नाही.

जागेचा हिशेब अगदी वाण्याच्या हिशेबासारखा. स्वच्छ चित्र देणारा एक कॅमेरा अखंड चालला, तर साधारण दिवसाला २० ते २२ जीबी जागा खातो. म्हणजे १ टीबीच्या डिस्कमध्ये एका कॅमेऱ्याचं दीड महिन्याचं रेकॉर्डिंग मावेल, दोन कॅमेऱ्यांचं तीन आठवड्यांचं. डिस्क भरली की सर्वात जुनं पुसून नवं लिहायचं, अशी सूचना सॉफ्टवेअरला देऊन ठेवायची. फक्त हालचालीपुरतं रेकॉर्डिंग ठेवलं, तर हीच जागा कितीतरी जास्त दिवस पुरते.

विजेचं गणितही आधीच मांडा. १०० वॉट ओढणारा डेस्कटॉप दिवसरात्र चालला, तर महिन्याला सुमारे ७२ युनिट होतात. २५ वॉटचा जुना लॅपटॉप तेच काम १८ युनिटांत करतो. शिवाय लाइट जाण्याचा प्रश्न आहेच. कॉम्प्युटर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एकच घेतला, तर उपयोग नाही. वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये असते, ती दुकानदाराकडून करून घ्या. आणि हो, थोडा वेळ कुणी हात लावला नाही की कॉम्प्युटर झोपी जातो. ती सवय आधी बंद करा. रात्रभर राखण करायला ठेवलेला राखणदारच घोरत पडला, तर काय कामाचा?

आता महत्त्वाचं. कॅमेऱ्याबरोबर कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवू नका. २०१६ साली 'मिराई' नावाचा एक घातकी प्रोग्राम जगभर पसरला होता. तो इंटरनेटला जोडलेले कॅमेरे आणि राउटर शोधायचा आणि कारखान्यातले ठरावीक पासवर्ड वापरून आत शिरायचा. मालकाला पत्ताही नसायचा. तेव्हा पासवर्ड लांब ठेवा आणि मुलाच्या वाढदिवसाची तारीख ठेवू नका. कॉम्प्युटर जुना असेल, तर आणखी जपा. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

पण बाहेरच्या चोरापेक्षा अवघड प्रश्न घरातलाच असतो. पासवर्ड कुणाकडे आहे?

घरच्या घरी ब्लाउज शिवून देणाऱ्या एका ताईंकडे चोरी झाली, म्हणून दिरांनी कॅमेरा बसवला. पासवर्डही त्यांच्याच फोनमध्ये. महिन्याभरात ताईंच्या लक्षात आलं, की आज कोण आलं होतं, किती वेळ बसलं, दुपारी मशीन का बंद होतं, हे सगळं रात्री जेवताना विचारलं जातंय. मापं द्यायला येणाऱ्या बायका कॅमेऱ्याकडे बघून कचरायला लागल्या. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी येणंच सोडलं. तेव्हा ताईंनी कॅमेऱ्याचं तोंड दाराकडे आणि गल्ल्याकडे फिरवलं, माप घेण्याचा कोपरा त्यातून पूर्ण वगळला आणि पासवर्ड बदलून स्वतःकडे ठेवला. दीर आठ दिवस रुसले. पण गिऱ्हाइकं परत आली. राखण चोरावर ठेवायची होती, ताईंवर नव्हे!

म्हणूनच काही गोष्टी आधी ठरवून घ्या. कॅमेऱ्याची जागा म्हणजे दार, गल्ला, जिना, माल ठेवण्याची खोली. न्हाणीघर, कपडे बदलण्याची जागा, पार्लरमधली आतली खोली इथे कॅमेरा कधीच नको. कपडे बदलताना, आंघोळ करताना किंवा अशाच खासगी वेळी स्त्रीचं चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. पहिल्याच वेळी १ ते ३ वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई ही अशा चित्रणासाठी आहे. तिथे ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कामाला येणाऱ्या मावशींना, दुकानातल्या मुलींना कॅमेरा कुठे आहे ते तोंडाने सांगा. दारावर पाटीही लावा. बऱ्याच कॅमेऱ्यांत आवाजही टिपला जातो. गरज नसेल, तर तो बंद करा. म्हाताऱ्या आईवर लक्ष ठेवायला तिच्या खोलीत कॅमेरा लावणार असाल, तर आधी तिला विचारा. तिलाही आपलं म्हणून चार क्षण हवे असतात.

चोरी झालीच, तर? घाईघाईत नुसती मोबाईलवर क्लिप घेऊन धावू नका. मूळ रेकॉर्डिंग जपा, ते पुसलं जाणार नाही अशी व्यवस्था करा. कोर्टात रेकॉर्डिंगची प्रत द्यायची, तर सोबत प्रमाणपत्र लागतं. आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात हाच मुद्दा होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचं स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद आहे. कॉम्प्युटरचं घड्याळही बरोबर असू द्या. चोरी रात्री दोनची आणि चित्रावर दुपारचे चार, असं असलं, तर उत्तरं देता देता नाकी नऊ येतात.

शेवटचं एक. चोर कॉम्प्युटरच उचलून नेऊ शकतो. तो गल्ल्याशेजारी दिमाखात मांडू नका, कपाटात हवा खेळेल असा ठेवा. निदान हालचालीची छायाचित्रं दुसऱ्या ठिकाणी आपोआप जातील असं बघा.

हे सगळं करायला इंजिनीअर असावं लागत नाही. बसवून देणाऱ्याला एवढंच सांगा, 'दादा, शेवटची सेटिंग माझ्यासमोर करा आणि पासवर्ड मी टाकणार.' दुकानाची किल्ली आपण कमरेला खोचतो ना? मग ही किल्लीसुद्धा आपल्याच कमरेला हवी.