पोट फिनेलने का धूत नाहीत?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्यावर जो प्रसंग ओढवला, तो शाळेत बहुतेकांस ठाऊक आहे. त्याचे आईवडील ऊसतोडीस गेलेले. पाथर्डी तालुक्यातील घरी आजी व तो अशी दोघेच. प्रथम बेंबीभोवती दुखू लागले, एक-दोन वांत्या झाल्या, मग दुखणे सरकून पोटाच्या उजव्या बाजूस खाली स्थिर झाले. आजीने मायेने एरंडेल पाजले. तिसऱ्या दिवशी सकाळी कळ एकाएकी ओसरली, आणि पोरास उतार पडला असे तिने शेजारणीस सांगितलेही. सायंकाळी अंग तापले व पोट फळीसारखे ताठ झाले. नगरास आणून शस्त्रक्रिया झाली तेव्हा कळले की आंत्रपुच्छ, म्हणजे लोक ज्यास अपेंडिक्स म्हणतात ते, फुटून पू पोटभर पसरला होता.

मुलगा वाचला. त्यास भेटून परत येताना एका सोबत्याने आम्हांस विचारले, “सर, आपण मोरी फिनेलने धुतो. मग डॉक्टरांनी पोटात जंतुनाशक ओतून सगळी घाण एकदाच का धुऊन काढली नाही?”

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. मोठमोठ्या शस्त्रवैद्यांच्या मनातही तो येऊन गेला आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यात दीडशे वर्षे गेली आहेत.

आंत्रपुच्छ ही मोठ्या आतड्याच्या आरंभी लोंबणारी, बोटाएवढी, एका टोकास बंद अशी नळी होय. तिचे तोंड मळाच्या खड्याने किंवा सुजेने बंद झाले की आत जंतू माजतात, नळी फुगते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि भिंत कुजून फुटते. फुटताच आतला ताण नाहीसा होतो. म्हणून कळ थोडा वेळ थांबते. आजीची फसगत झाली ती येथेच, आणि तीत तिला दोष देण्याचे आमच्या मनात नाही. चांगली शिकलेली माणसेही या फसव्या उतारास भुलतात.

आता धुण्याविषयी. सन १८६५ मध्ये ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय मोडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली व जखम न सडता भरून आली. हे आम्ल कोळशाच्या डांबरापासून निघते; आपले काळे फिनेल त्याच गोत्रातले. या शोधाने शस्त्रक्रियेचे रूपच पालटले, आणि जे बाहेर चालते ते आत का चालू नये, असे वाटणे साहजिक होते. पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील बूलोन येथे काम करताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या ध्यानात आले की खोल, वेड्यावाकड्या जखमेत ओतलेले जंतुनाशक कानाकोपऱ्यांतील जंतूंपर्यंत पोचत नाही. मात्र जंतूंशी झुंजणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशींना ते आधी मारते. चोर माळ्यावर दडलेले आणि मार पडतो राखणदारांना, असा तो प्रकार. याच फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडले.

पोटाची गोष्ट तर जखमेहूनही नाजूक. मोरीची फरशी निर्जीव. पोटाच्या आतील अस्तर जिवंत. ते उलगडून पसरले तर अंगावरच्या कातडीएवढे भरेल, आणि जे त्यावर पडेल ते शोषून रक्तात नेण्याचा त्याचा धर्म आहे. तीव्र औषध ओतले तर अस्तर भाजते, आतडी एकमेकांस चिकटतात, शिवाय विष अंगात भिनते ते निराळेच. या अस्तराचाच चरबीयुक्त एक पदर आतड्यांवर लोंबत असतो. कोठे सूज आली की तो तेथे जाऊन, आईने लेकरास पदराखाली घ्यावे तसा, ती जागा झाकून टाकतो व पू पसरू देत नाही. अशा राखणदारास फिनेल पाजणे शहाणपणाचे नव्हे.

म्हणून डॉक्टर निराळा क्रम धरतात. शस्त्रक्रियेआधीच शिरेतून प्रतिजैविक औषध देतात. ते रक्तावाटे अस्तराच्या आतल्या अंगाने पोचते. मग फुटलेली नळी कापून काढतात, कारण गळका नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही. नंतर पू शोषून घेतात. पुष्कळ ठिकाणी मिठाच्या पाण्याने धुतातही, परंतु हे पाणी म्हणजे औषध नव्हे. लिटरामागे ९ ग्रॅम मीठ, म्हणजे जवळजवळ आपल्या रक्ताइतकेच खारट. आयोडिनचे तपकिरी औषध मुख्यत्वे वरच्या कातडीसाठी. ते अगदी सौम्य करून आत वापरून पाहण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण सर्वमान्य रीत अद्याप बनलेली नाही.

इतकेच काय, साधे पाणी तरी हवे काय, हाही वाद आहे. एक पक्ष म्हणतो, पाण्याने घाण विरळ होते. दुसरा म्हणतो, उजव्या कोपऱ्यातली घाण पाण्याबरोबर वर यकृतापर्यंत जाते. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे आंत्रपुच्छ फुटलेल्या २२० मुलांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटात पू नुसता शोषला. दुसऱ्यात शिवाय निदान अर्धा लिटर खारे पाणी वापरले. सन २०१२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पुढे पोटात गळू होण्याचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा १९, दुसऱ्यात १८. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच.

गळू होते ते निष्णात हातांनीही. सन १९०२ च्या जून महिन्यात इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असता सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांना त्यांच्या पोटातील पू काढावा लागला. आंत्रपुच्छास त्यांनी हातही लावला नाही, आणि राजे बरे होऊन ऑगस्टात अभिषिक्त झाले. आपल्याकडील प्रसंग तर सर्वश्रुतच आहे. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींवर १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचा दिवा गेला आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी जागेवर गळू धरले व प्रकृती सुधारण्यास अपेक्षेहून अधिक वेळ लागला. ५ फेब्रुवारीस सरकारने त्यांची सुटका केली. पेनिसिलिन तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

तेव्हा निकाल लागतो तो धुण्यावर कमी आणि वेळेवर अधिक. दुखणे सुरू होऊन दीड-दोन दिवस लोटले की फुटण्याची भीती वाढत जाते. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली उतरलेले दुखणे, अन्नावरची वासना उडणे, वांती, बारीक ताप, चालताना किंवा खोकताना पोटात चमक, ही लक्षणे दिसली तर पालकांनी एरंडेल किंवा कोणताही जुलाब देऊ नये, पोट चोळू नये, शेकू नये. काही खाऊ न घालता मुलास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सोनोग्राफीची सोय आता तालुक्याच्या गावीही बहुधा मिळते.

आमचा विद्यार्थी दोन आठवडे रुग्णालयात होता. पोटातून पू वाहून नेणारी रबरी नळी आठव्या दिवशी निघाली. फडावरून धावत आलेल्या त्याच्या आईने डॉक्टरांस एकच विचारले, “कापलेलं पुन्हा उगवंल का हो?” डॉक्टर म्हणाले, “नाही बाई, ते गेले ते गेले. त्यावाचून माणसाचे काही अडत नाही.” मग तिने पदराने डोळे पुसले आणि मुलास काय खाऊ घालावे ते विचारू लागली.