सर्व्हरची डिस्क भरली? डॉकरमधली अडगळ काढा, पण व्हॉल्यूम सांभाळून

दुकानाचं बिलिंग असो, पतसंस्थेचा हिशेब असो की शाळेचं प्रवेश पोर्टल, बरीच सॉफ्टवेअर आता डॉकरवर चालतात. २०१३ साली आलेल्या या साधनात सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, भरून चालवता येतं. सोय मोठी आहे. पण डॉकर जुनं सामान आपणहून टाकून देत नाही. काही महिन्यांनी डिस्क फुल्ल होते आणि चालू काम ठप्प होतं.

अडगळ कुठली साठते?

बंद पडलेले कंटेनर, नवीन आवृत्ती आल्यावर मागे राहिलेल्या जुन्या इमेज, बिल्ड कॅश, वापरात नसलेली नेटवर्क आणि व्हॉल्यूम. यातली इमेज पुन्हा डाउनलोड करता येते किंवा नव्याने बनवता येते. व्हॉल्यूमचं तसं नाही. डेटाबेसमधल्या नोंदी सहसा तिथेच असतात. व्हॉल्यूम पुसला आणि बॅकअप नसेल, तर हिशेबाची वहीच गेली म्हणायची.

आधी मोजा

स्टॉक मोजल्याशिवाय माल काढायचा नाही, हा व्यापारातला नियम इथेही लागू. ‘डॉकर सिस्टिम डीएफ’ ही कमांड कशाने किती जागा अडवली आणि त्यातली किती मोकळी होऊ शकते, ते दाखवते.

मग झाडू मारा

जानेवारी २०१७ मधल्या १.१३ आवृत्तीत ‘डॉकर सिस्टिम प्रून’ ही कमांड आली. ती बंद कंटेनर, न वापरलेली नेटवर्क, बिननावाच्या जुन्या इमेज आणि बिल्ड कॅश काढते. व्हॉल्यूमला हात लावत नाही. मात्र बंद कंटेनरच्या आतच कुणी डेटा ठेवला असेल, तर तोही जातो. महिनाअखेरीलाच लागणारा कंटेनर बंद दिसला म्हणून तो निकामी समजू नका.

‘ए’ पर्याय जोडला की कुठल्याही कंटेनरला न लागणाऱ्या सगळ्या इमेज जातात. इंटरनेट मंद असेल तिथे त्या परत उतरवायला वेळ लागतो, हे धरून चाला.

खरी जोखीम ‘व्हॉल्यूम्स’ या पर्यायाची. २३.० आवृत्तीपासून तो फक्त बिननावाचे, वापरात नसलेले व्हॉल्यूम पुसतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत नाव दिलेलेही जायचे. जुन्या सर्व्हरवर काम करताना आवृत्ती तपासूनच पुढे जा. ‘डॉकर कंपोझ डाउन’ला ‘व्ही’ जोडलं तर त्या प्रकल्पाच्या फाइलमध्ये नोंदवलेले व्हॉल्यूमही जातात.

तरी जागा झाली नाही तर?

चालू कंटेनरचे लॉग बघा. नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यांना आकाराची मर्यादा नसते आणि प्रून त्यांना शिवत नाही. त्यासाठी ‘मॅक्स-साइज’ ठरवून द्यावी लागते. डॉकरच्या फोल्डरमध्ये शिरून हाताने फाइली उडवू नका, सगळा कारभार बिघडतो.

थोडक्यात, क्रम असा ठेवा: बॅकअप, मोजणी, साधं प्रून. व्हॉल्यूम सगळ्यात शेवटी, आणि तोही कुणाचा आहे हे विचारूनच.