विश्लेषण : कॉलेज निवडताना ग्रुपवरचा सल्ला किती मानायचा?

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की बारावीच्या विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या फोनवर नव्या ग्रुपच्या लिंक येऊ लागतात. कुठे एका शाखेचा ग्रुप, कुठे एका जिल्ह्याचा, कुठे फक्त ‘८५ ते ९५ पर्सेंटाइल’वाल्यांचा. प्रश्न मात्र सगळीकडे एकच : मला कुठे मिळेल? उत्तरे मिनिटभरात येतात. त्यातली काही फार उपयोगी असतात, काही निव्वळ अंदाज आणि काही चक्क जाहिराती. अभियांत्रिकी प्रवेशाच्या केंद्रीभूत प्रक्रियेचे, म्हणजे ‘कॅप’चे नियम २०२५-२६ मध्ये बदलले. तेव्हापासून या तिन्हींत फरक करता न येणे पूर्वीपेक्षा महाग पडू लागले आहे.

ग्रुपकडे गर्दी का वळते?

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित गटाची सीईटी राज्यात चार लाखांहून अधिक विद्यार्थी देतात. महाविद्यालये तीनशेहून अधिक, जागा दोन लाखांच्या आसपास. पर्याय भरायच्या अर्जात, ज्याला सगळे ‘ऑप्शन फॉर्म’ म्हणतात, तीनशेपर्यंत पर्याय देता येतात. एक महाविद्यालय आणि त्यातली एक शाखा मिळून एक पर्याय होतो. ज्या घरात आधी कोणी इंजिनीअर झालेले नाही, तिथे ही यादी कशी करायची हे सांगणारे माणूस सहसा नसते. कनिष्ठ महाविद्यालयातले एखादे सर, पुण्याला नोकरी करणारा मामा आणि अर्ज भरून देणारा सायबर कॅफेवाला, इतकीच माहितीची साधने. सुविधा केंद्रावर कागदपत्रे तपासली जातात, त्रुटी सांगितल्या जातात. पण अमुक कॉलेज बरे की तमुक, हे तिथला कर्मचारी सांगत नाही आणि त्याने सांगूही नये. ही पोकळी ग्रुप भरून काढतात. त्यामुळे ‘ग्रुपवर विश्वास ठेवू नका’ असा सरसकट उपदेश शहरातल्या, ओळखीपाळखी असलेल्या घरांनाच परवडतो.

नव्या नियमांनी काय बदलले?

२०२५-२६ मध्ये कॅपच्या तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि ‘ऑटो फ्रीझ’ची व्याप्ती वाढली. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, तर तो घेणे बंधनकारक. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही मिळाला तरी तेच. तिसऱ्या फेरीत ही मर्यादा पहिल्या सहा पर्यायांपर्यंत गेली आणि चौथ्या फेरीत जे मिळेल ते अंतिम. या मर्यादेबाहेरचा पर्याय मिळाला तरच ‘बेटरमेंट’ निवडून पुढच्या फेरीची वाट पाहता येते. पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप सुटते आणि ती परत मागता येत नाही.

ग्रुपवरचा सर्वात जास्त फिरणारा सल्ला या नियमांशी नेमका इथे आपटतो. ‘वर दोन-चार मोठी नावे टाकून बघ, मिळणार नाहीतच’ असे सहज सांगितले जाते. समजा, एखाद्या विद्यार्थिनीला सांगलीत किंवा नांदेडमध्ये, घरापासून जवळ, इलेक्ट्रॉनिक्स हवे आहे. कोणीतरी सांगितले म्हणून तिने पुण्यातल्या नामांकित खासगी महाविद्यालयाची स्थापत्य शाखा पहिल्या क्रमांकावर टाकली. शाखेत रस नाही, वसतिगृहाचा खर्च झेपणारा नाही, पण ‘नाव मोठे’. त्या वर्षी त्या शाखेचा कटऑफ खाली आला आणि जागा मिळाली, तर ती ऑटो फ्रीझ होते. सल्ला देणारा तोवर दुसऱ्या कोणाला तरी उत्तर देत असतो.

दुसरा सल्ला याच्या बरोबर उलटा आणि तितकाच चुकीचा आहे : ‘आवाक्याबाहेरचे कॉलेज वर टाकलेस तर हातचे जाईल.’ तसे होत नाही. जागावाटप गुणवत्ता क्रमाने होते. विद्यार्थ्याची पाळी आली की त्याची यादी वरून खाली पाहिली जाते आणि ज्या पहिल्या पर्यायात त्याला पात्र असलेली जागा शिल्लक आहे, तो दिला जातो. वरचे पाच पर्याय मिळाले नाहीत म्हणून सहाव्यावरचा त्याचा हक्क कमी होत नाही. तिथे त्याची तुलना पर्सेंटाइलवर होते, तो पर्याय त्याच्या यादीत कितवा आहे यावर नाही. म्हणून भीतीपोटी मनापासून हवे असलेले महाविद्यालय खाली ढकलायचे कारण नाही आणि मिळाले तर नको असलेले वर टाकायचेही नाही. यादीचा क्रम म्हणजे ‘काय मिळेल’ याचा अंदाज नव्हे, ‘काय हवे’ याचा क्रम. ऑटो फ्रीझमुळे पहिल्या सहा ओळी तर दोनदा तपासायला हव्यात : उद्या खरोखर हीच जागा मिळाली, तर घरातले सगळे हो म्हणतील का?

कटऑफवरून काढलेला अंदाज का चुकतो?

‘गेल्या वर्षी ९१ ला मिळाले होते’ हे वाक्य अर्धवट असते. कोणत्या फेरीत, कोणत्या प्रवर्गात, कोणत्या विद्यापीठाच्या कोट्यात, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. सीईटी कक्षाच्या कटऑफ तक्त्यात प्रत्येक रकान्याला संकेत असतो. सुरुवातीचे ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण जागा, ‘एल’ म्हणजे महिलांसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचे ‘एच’ म्हणजे गृह विद्यापीठ, ‘ओ’ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे आणि ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय जागा. बारावी कुठून केली यावर गृह विद्यापीठ ठरते. त्यामुळे नाशिकच्या विद्यार्थ्याचा अनुभव अमरावतीच्या विद्यार्थ्याला, त्याच कॉलेजसाठी, तंतोतंत लागू पडेलच असे नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आणि शिक्षण शुल्क माफी योजनेच्या जागांचे कटऑफ तर वेगळेच चालतात. स्क्रीनशॉटमध्ये हे संकेत बहुधा कापलेले असतात.

शिवाय पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ते त्या वर्षी परीक्षा दिलेल्यांच्या तुलनेतले स्थान आहे. परीक्षार्थींची संख्या बदलली की त्याच पर्सेंटाइलचा गुणवत्ता क्रमांक बदलतो. जागाही स्थिर नाहीत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखेतील प्रवेश क्षमतेवरची कमाल मर्यादा काढून टाकली आणि अनेक महाविद्यालयांनी संगणक व त्याच्याशी संबंधित शाखांच्या तुकड्या वाढवल्या. ज्या शाखेत गेल्या वर्षी १२० जागा होत्या तिथे यंदा २४० झाल्या, तर जुना कटऑफ कशाचा मापदंड? गेल्या दोन-तीन वर्षांचे तक्ते पाहावेत, आकड्यांतला चढउतार ध्यानात घ्यावा आणि यंदाच्या जागा त्यांच्या शेजारी ठेवाव्यात. ग्रुपवर हे काम करून देणारी मुले असतात. त्यांची फाइल वापरायला हरकत नाही, पण मूळ तक्त्याशी चार-पाच ओळी ताडून पाहायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

मग ग्रुपचा खरा उपयोग कुठे?

जे कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेले नसते, तिथे. वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या मुलांना जागा मिळते का, की बाहेर कॉट बेसिसवर राहावे लागते. मेसचा महिन्याचा खर्च. हजेरीची सक्ती किती. मराठी किंवा सेमी माध्यमातून आलेल्यांना पहिले सत्र कसे जाते आणि कोणी समजून घेते का. प्रयोगशाळेतली यंत्रे चालू आहेत की झाकून ठेवलेली. या प्रश्नांना त्या महाविद्यालयातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याइतके चांगले उत्तर कोणीच देऊ शकत नाही. म्हणून हजारभर लोकांच्या ‘महाराष्ट्र इंजिनीअरिंग’ ग्रुपपेक्षा एका कॉलेजच्या, एका शाखेच्या साठ-सत्तर जणांच्या ग्रुपवर जास्त हाती लागते. प्रश्नही नेमका हवा. ‘कॉलेज कसे आहे?’ याला ‘मस्त आहे’ किंवा ‘नको येऊस’ यापलीकडे उत्तर येत नाही. ‘मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला कॅम्पसवर किती कंपन्या आल्या आणि त्यातल्या मेकॅनिकलच्या कामाच्या किती?’ असे विचारले की विद्यार्थी खरे बोलतात.

उलट, जे अधिकृतपणे छापलेले असते ते ग्रुपवर विचारायचेच नाही. खासगी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते त्याच्या संकेतस्थळावर असते. नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, एनबीएचे मानांकन मात्र शाखानिहाय असते. कॉलेज ‘एनबीए’ असले म्हणून आपली शाखा असेलच असे नाही. प्लेसमेंटचे फलक सर्वात फसवे. ‘सर्वोच्च पॅकेज’ एका विद्यार्थ्याचे असते. एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला आपली आकडेवारी संकेतस्थळावर ठेवावी लागते. किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, कितींना नोकरी लागली, कितीजण उच्च शिक्षणाला गेले आणि वेतनाचा मध्यक किती, हे त्यात सापडते. मध्यक म्हणजे निम्म्या मुलांना ज्याहून कमी मिळाले तो आकडा. मुखपृष्ठावरच्या फलकापेक्षा तो बराच लहान दिसतो, म्हणूनच पाहण्यासारखा.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. ग्रुपवर ‘फी परवडणार नाही’ म्हणून एखादे कॉलेज यादीतून काढून टाकण्याआधी हे पाहायला हवे. वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च मात्र तरीही उभा राहतो.

फुकट सल्ला देणारा कमावतो कशावर?

बहुतेक ग्रुप विद्यार्थीच चालवतात आणि काही कमवत नाहीत. पण काही ग्रुप म्हणजे गळ असतो. आधी मोफत कटऑफ यादी, मग ‘वैयक्तिक मार्गदर्शन’ काही हजारांत, आणि शेवटी ‘संस्थास्तरावरची सीट करून देतो’. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत मर्यादित जागा संस्थास्तरावर भरल्या जातात, हे खरे. पण त्यासाठीही जाहिरात, अर्ज आणि गुणवत्ता यादी लागते. ठरलेल्या शुल्काबाहेर पैसे मागणे महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पैसे देऊन समुपदेशन घेणे यात गैर काही नाही; अनेक जाणकार ते प्रामाणिकपणे करतात. विचारायचे ते इतकेच, की तुम्हाला कोणत्या महाविद्यालयाकडून काही मिळते का? शिफारस करणाऱ्याचा जाहिरातदाराशी आर्थिक संबंध असेल तर तो उघड करावा, असे केंद्राची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. सरळ उत्तर टाळणाऱ्याचे उत्तर मिळालेलेच असते. ग्रुपच्या नावात ‘ऑफिशियल’ आहे, म्हणून तो सीईटी कक्षाचा होत नाही.

ग्रुप चालवणाऱ्यांनी काय पाहावे?

दोन-तीन महिने तेच प्रश्न, रात्री बारापर्यंत. या कामाचे श्रेय क्वचितच मिळते. जे ग्रुप टिकतात त्यांत काही सवयी समान असतात : वेळापत्रक, कटऑफ आणि माहितीपुस्तिका वर पिन केलेली, अंदाज असेल तर ‘अंदाज’ असे लिहिण्याचा दंडक, आणि पर्सेंटाइलबरोबर प्रवर्ग व गृह विद्यापीठ न लिहिलेल्या प्रश्नाला उत्तर नाही. जातीवरून, प्रवर्गावरून होणारी टोमणेबाजी पहिल्याच संदेशाला थांबवणे हेही त्यातलेच. ती चालू राहिली की ज्यांना सल्ल्याची सर्वात जास्त गरज आहे ती मुले गप्प होतात.

सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर, केवळ ॲडमिन असल्याच्या कारणाने कोणाला जबाबदार धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. ॲडमिनला मजकूर आधी तपासता येत नाही, हा त्यामागचा एक विचार. मात्र पुढच्याच वर्षी व्हॉट्सॲपने ॲडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी काढून टाकण्याची सोय दिली. ती वापरलेली बरी.

अधिक दुर्लक्षित प्रश्न फोन नंबरांचा आहे. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १,०२४ सदस्य असू शकतात आणि प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. त्यात अनेकजण अठरा वर्षांखालचे असतात. फक्त सूचना द्यायच्या असतील तर चॅनेल पुरते. तिथे अनुयायांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. ग्रुपचा एकमेव ॲडमिन बाहेर पडला, तर व्हॉट्सॲप आपोआप दुसऱ्या एखाद्या सदस्याला ॲडमिन करते. म्हणजे प्रवेश संपल्यावर वाऱ्यावर सोडलेला ग्रुप, सगळ्या नंबरांसह, कोणाच्याही हाती जाऊ शकतो. सप्टेंबरनंतर तो बंद करणे किंवा पुढच्या वर्षीच्या ओळखीच्या विद्यार्थ्याकडे सोपवणे, यापैकी एक करायलाच हवे.

अर्ज कोणी भरायचा?

यादी कोणाच्याही मदतीने करावी, लॉगिन मात्र द्यायचे नाही. ‘पासवर्ड पाठव, मी भरून देतो’ असे ग्रुपवरचा दादा, समुपदेशक आणि सायबर कॅफेवालाही सांगतो. चांगल्या हेतूनेच सांगत असेल. पण तीनशेपैकी एक ओळ वरखाली झाली तर जागावाटपाच्या दिवशी दाद कोणाकडे मागणार? कॅफेत जायचेच असेल तर पसंतीची यादी महाविद्यालय आणि शाखेच्या संकेतांकासह घरी कागदावर लिहून न्यावी, पासवर्ड आणि ओटीपी स्वतः टाकावा, अर्ज निश्चित करण्यापूर्वी पडद्यावरचा क्रम त्या कागदाशी ओळीने ताडावा आणि छापील प्रत सोबत घेऊनच निघावे. घरी आल्यावर पासवर्ड बदलायला दोन मिनिटे लागतात. पहिल्या सहा ओळी पुन्हा एकदा वाचायला त्याहून कमी.