भेस्तानला नवा संसार

जळगाव-नंदुरबारकडून येणारी ताप्ती मार्गाची गाडी सुरतच्या उधन्याला पोचते. तिथून मुंबईच्या दिशेला पुढचंच स्टेशन भेस्तान. शेजारी पांडेसरा, उधना, लिंबायत, सगळीकडे खानदेशातून आलेली माणसं. त्यामुळे नव्या जोडप्याला अहिराणी बोलणारं माणूस शोधावं लागत नाही.

खोली मिळते, पण कागद मिळत नाही, ही खरी अडचण. महाराष्ट्रात 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत करणं घरमालकावर बंधनकारक आहे. गुजरातेत अकरा महिन्यांचा करार बहुधा स्टॅम्पपेपर नि नोटरीवरच भागतो. तरी तो मागून घ्याच. आधारचा पत्ता बदलायला घराचा पुरावा लागतो. मतदारयादीतला पत्ता बदलायला फॉर्म 8. रेशनकार्ड मात्र गावचंच चालतं, आधारशी जोडलेलं असलं की इथल्या दुकानातही धान्य मिळतं.

तो लूमवर किंवा प्रोसेस हाऊसमध्ये, ती घरी साडीचे धागे कापणार, टिकल्या चिकटवणार: हे चित्र सर्रास दिसतं. तिची मजुरी नगावर, हिशेब तोंडी. वहीत रोजचे नग लिहून ठेकेदाराची सही घ्यावी. तो कुरकुरेल, कुरकुरू दे. नवऱ्याचा पीएफ कापला जात असेल तर नोकरी बदलताना जुनाच यूएएन (पीएफचा क्रमांक) नव्या मालकाला द्यायचा, दुसरा काढायचा नाही.