पर्याय किती असावेत?

संगणकाकडून काम करून घेण्यासाठी त्याला आज्ञा द्याव्या लागतात. अशा आज्ञांच्या संचाला सॉफ्टवेअर म्हणतात. अक्षरांचा आकार, रंग, भाषा अशा कितीतरी गोष्टी त्यात आपल्या पसंतीनुसार बदलता येतात. या सोयींना पर्याय म्हणतात. मग जितके पर्याय जास्त, तितके सॉफ्टवेअर चांगले का?

प्रथम पर्यायाचा फायदा पाहू. उर्दू लेखनासाठी 'इनपेज' हे सॉफ्टवेअर १९९४ साली भारतात तयार झाले. त्यात कीबोर्डचा प्रकार निवडता येतो. 'फोनेटिक' प्रकारात इंग्रजी 'ए'च्या कळीवर अलिफ आणि 'बी'च्या कळीवर बे उमटतो. इतर प्रकारांत अक्षरांच्या जागा वेगळ्या असतात. ज्याचा हात एका प्रकारावर बसला आहे, त्याच्यावर दुसरा प्रकार लादला तर त्याचे लेखनच अडेल. म्हणून हा पर्याय गरजेचा आहे.

आता दुसरी बाजू पाहू. समजा, प्रत्येक पर्यायाला 'हो' किंवा 'नाही' अशी दोनच उत्तरे आहेत. दोन पर्यायांच्या चार मांडण्या होतात, तीनच्या आठ, दहाच्या १,०२४ आणि वीस पर्यायांच्या तब्बल १०,४८,५७६! एवढ्या मांडण्या कोण तपासणार? न तपासलेल्या मांडणीत दोष लपून राहतो.

वापरणाऱ्याचीही अडचण होते. शाळेत एका संगणकावर अनेक विद्यार्थी काम करतात. एकाने कीबोर्डचा प्रकार बदलून तसाच ठेवला, तर पुढच्याला अलिफ सापडत नाही. पर्यायांच्या लांबलचक यादीत शोधता शोधता तासिका संपते.

लांब यादीवर मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'ऑफिस २०००' मध्ये एक उपाय केला. क्वचित लागणाऱ्या आज्ञा यादीतून आपोआप लपत. पण त्यामुळे हवी ती आज्ञा नेहमीच्या जागी दिसेना. पुढे 'ऑफिस २००७' मध्ये वर्ड आणि एक्सेलमधील त्या याद्या काढून, आज्ञा कामानुसार गटांत मांडल्या गेल्या.

यावरून काय दिसते? जेथे माणसांच्या गरजाच वेगळ्या असतात, तेथे पर्याय हवेत. भाषा, लिपी, अधू दृष्टीसाठी मोठी अक्षरे, डावखुऱ्यांसाठी माऊसच्या बटणांची अदलाबदल ही त्याची उदाहरणे. बाकीच्या गोष्टी तयार करणाऱ्यानेच विचारपूर्वक ठरवून द्याव्यात. 'अति तेथे माती' ही म्हण येथेही खरी ठरते. नवा पर्याय देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : याने कोणाचे अडलेले काम सुटेल का?