पाच पावसाळ्यांची मुदत

पाणी वरून खाली वाहतं, हे लहान मूलही सांगेल. मग नव्याकोऱ्या फ्लॅटच्या भिंतीवर ओल खालून वर कशी चढते?

समईच्या वातीतून तेल ज्या बळाने ज्योतीपर्यंत पोहोचतं, त्याच बळाने पाणी सिमेंटच्या गिलाव्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून वर सरकतं. 1 मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचेच्या नळीत पाणी सुमारे 3 सेंटिमीटर चढतं. नळी 100 पट बारीक केली, तर गणिताने ही उंची 3 मीटर होते, म्हणजे जवळजवळ एक मजला! भिंतीचा पृष्ठभाग वाटेतच पाणी उडवून लावतो, म्हणून डाग बऱ्याचदा त्याआधीच थांबतो. पाणी उडतं, पण त्यातले क्षार मागे राहतात. रंगाआड त्यांचे स्फटिक वाढू लागतात आणि त्या इवल्या स्फटिकांच्या रेट्याने रंगाचे पोपडे सुटतात. म्हणूनच बाथरूमच्या फरशीखालचं वॉटरप्रूफिंग फसलं असेल, तर शेजारच्या खोलीची भिंत कितीही वेळा रंगवा, डाग परत येतो. दुरुस्ती पाण्याच्या उगमाशीच करावी लागते.

भेगांची गोष्ट तर याहून थक्क करणारी आहे. लोखंड आणि काँक्रीट उष्णतेने जवळपास सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. निसर्गाचा हा केवढा उपकार! तसं नसतं, तर भर उन्हात तापणाऱ्या गच्चीच्या स्लॅबमध्ये सळई आणि काँक्रीट यांची साथ केव्हाच सुटली असती. विटा आणि हलके ब्लॉक मात्र काँक्रीटच्या तालावर चालत नाहीत. सुकताना प्रत्येक साहित्य आपापल्या परीने आकसतं. म्हणून बीमच्या खाली, भिंत जिथे त्याला भिडते तिथे, आडवी सरळ रेघ उमटते. खिडकीच्या कोपऱ्यात ताण एकवटतो, तिथून तिरपी भेग निघते. गिलावा पुरेसं पाणी न मारता घाईने सुकू दिला, तर त्यावर नकाशासारखं जाळं पसरतं. या भेगा बहुधा जिवावरच्या नसतात, पण पावसाला आत यायला वाट देतात.

भ्यायचं ते कॉलम-बीमवर सळईच्या रेषेत धावणाऱ्या, तांबूस डाग असलेल्या भेगेला. चांगलं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच 12 च्या वर असतो. त्यामुळे सळईवर ऑक्साइडचा एक अदृश्य पापुद्रा तयार होतो, आणि तोच तिला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपत गेला, किंवा किनारपट्टीवर खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले, की पापुद्रा मोडतो. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो. सळईवरचं काँक्रीटचं आवरण, ज्याला साइटवर ‘कव्हर’ म्हणतात, ते पूर्ण जाडीचं आणि घट्ट असेल, तर या वाटचालीला अनेक दशकं लागतात. कव्हर पातळ राहिलं, काँक्रीट पोकळ राहिलं, की काळ झपाट्याने आटतो.

भिंत न फोडता हे आतलं कळतं, हेही एक नवलच. घट्ट काँक्रीटमधून ध्वनिलहरी सेकंदाला सुमारे 4 किलोमीटर वेगाने जातात, हवेतल्यापेक्षा दहा पटींहून अधिक. आत पोकळी असेल, तर लहरींना वळसा पडतो आणि वेळ वाढतो. ओली जागा बाष्पीभवनामुळे थंड राहते, म्हणून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ती वेगळी दिसते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा असा अहवाल हा घरमालकाचा सगळ्यात भक्कम पुरावा.

कारण कायदा आपल्या बाजूने उभा आहे. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार, ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवासुविधांतला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो 30 दिवसांत कोणतेही पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. त्याने टाळलं, तर भरपाईचा हक्क आपला. महाराष्ट्रात तक्रार महारेराकडे करता येते. आधी समोरासमोर बसून तोडगा काढायचा असेल, तर महारेराचा सलोखा मंच आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, पण तिथे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते. तक्रार लेखी करावी, तारखेसह फोटो जोडावेत, पोच जपावी. बिल्डरला कळवण्याआधी भिंती पाडू नयेत की फरशा बदलू नयेत, नाहीतर दोष तुमच्याच कामाने झाला, असं म्हणायला त्याला जागा मिळते.

ताबा कोणत्याही महिन्यात मिळो, त्या 5 वर्षांत साधारण 5 पावसाळे येतात, आणि घराची त्याहून कडक परीक्षा कोणताही अधिकारी घेऊ शकत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत आकसण्याच्या भेगा बोलतात, पावसागणिक गळती बोलते. सळईचा गंज मात्र मुदत उलटून गेल्यावरही बोलू शकतो. म्हणून चौथा पावसाळा सरला की सोसायटीने सगळ्यांच्या वर्गणीतून गच्ची, कॉलम, ड्रेनेज आणि पाण्याच्या टाक्या तज्ज्ञाकडून तपासून घ्याव्यात. डोळ्यांना न दिसणारा दोष मुदतीच्या आत कागदावर आणायचा हाच खात्रीचा उपाय आहे.