रिपोर्टच्या आधी पोटात गेलेलं पाणी

भर पावसाळ्यात टिटवाळ्याची काळू नदी चहासारखी गढूळ होते. नदीचं तेच पाणी जलशुद्धीकरण केंद्रात निवळायचं, तर तुरटी किती घालायची? तिथल्या प्रयोगशाळेत ओळीने काचपात्रं मांडून प्रत्येकात वेगळी मात्रा ढवळतात. गाळाचे गोळे ज्या पात्रात लवकर तळाशी बसतील, ती मात्रा त्या दिवसाची. नदीचा रंग पालटला की हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

पुढे वाळूचे थर आणि क्लोरिन. इथवर पाणी केंद्राच्या ताब्यात असतं. खरी काळजी त्यानंतरची. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं. ते गेलं की पाइपातला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरू शकतं. म्हणून नमुना ग्राहकाच्या नळावरही घेतात.

जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक असते, शिवाय तिच्यात आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ते क्लोरिनला तिथल्या तिथे निकामी करतं. नाहीतर वाटेत क्लोरिन जंतू मारत राहील आणि घाणेरडं पाणीही परीक्षेत पास होईल! प्रयोगशाळेत शोध घेतात तो मुख्यतः ई. कोलायचा. हा जीवाणू माणसाच्या, जनावरांच्या आतड्यात राहतो. तो सापडला म्हणजे मैला पाण्यात शिरला. कॉलरा, टायफॉइडचे जंतू एकेक करून हुडकत बसण्यापेक्षा हे सोपं. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही सापडता कामा नये.

अडचण एवढीच, की जंतू वाढून दिसायला २४ ते ४८ तास लागतात. तोवर ते पाणी पिऊन झालेलं असतं. माझ्या मते म्हणूनच नळाशी उभं राहून केलेली क्लोरिनची साधी चाचणी जास्त मोलाची. ‘ओटी’चे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. (ओटी हे रसायन आरोग्याला घातक असल्याने आता गुलाबी रंग देणारं डीपीडी बरं मानतात.) लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेला हवा. रंगच आला नाही, तर वाटेत कशाने तरी तो खाल्ला, असं समजून गळती शोधायला निघावं लागतं.

नळाला पाणी आल्यावर पहिली बादली फरशी पुसायला ठेवायची जुनी सवय घरात असेल, तर ती मोडू नका. पाइपात शिरलेली घाण आधी त्याच बादलीत येते.